गामेरा परत येईल का, असं विचारणाऱ्या मुलाला

प्रिय मुला,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा निरोप मी सकाळी चहा गाळता गाळता वाचला आणि चहा तसाच निवून गेला. "सेन्सेई, गामेरा परत येणार की नाही, तेवढंच सांगा," असं तू शेवटी लिहिलंयस. त्याआधी जपानी राक्षसपटांतल्या त्या महाकाय कासवाचा नवा चित्रपट येणार, अशा गेल्या वर्षभरातल्या साऱ्या अफवा आहेत, त्या खोट्या निघाल्यावरचा तुझा संताप आहे, आणि मधेच एका ओळीत उरकून टाकलंयस की जपानीची एन-थ्री परीक्षा या वेळी देत नाही, मन लागत नाही. खरं तर त्या एका ओळीसाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे. पण गामेराला वगळून तुझ्याशी बोलता येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी मी वर्गात विचारलं होतं, जपानी कशासाठी शिकायची आहे. पुण्यात या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असतात. कुणाला चाकणच्या कारखान्यात दुभाषा व्हायचं असतं, कुणाला तिकडे जाऊन नोकरी करायची असते. तू म्हणालास, "एका कासवासाठी." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण मीही या भाषेकडे अशीच आले होते. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' लागायचं. शेवटच्या भागात तो रोबो शत्रूला कवटाळून आकाशात जातो आणि त्याच्यासकट एका उल्केवर आदळून स्वतःचा शेवट करून घेतो. मालिका संपली हे मला सांगितलेलं होतं. तरी पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला मी शेजारच्यांच्या टीव्हीपुढे जाऊन बसले. त्यामुळे वाट पाहणं म्हणजे काय, हे मला तुला शिकवायचं नाही. कशी पाहायची, एवढंच सांगायचं आहे.

तू 'फुक्कात्सु' हा शब्द दहा वेळा वापरलायस. पुनरुज्जीवन. त्यातलं दुसरं अक्षर वहीवर काढून बघ. डावीकडे पाण्याचे तीन थेंब आणि उजवीकडे जीभ. माझी आठवण ठेवायची युक्ती अशी, की ओली जीभ म्हणजे जिवंत माणूस. व्युत्पत्ती म्हणून हे कुठे लिहू नकोस, पण लक्षात राहतं. आणि गामेराच्या बाबतीत मला ते पटतंही. जेव्हा जेव्हा तो परत आला, तेव्हा कुणाच्या तरी तोंडात त्याची चव अजून ओली होती म्हणून आला. ज्या कंपनीकडे हक्क होते, तिला एक दिवस आठवण झाली म्हणून नव्हे.

१९६५ साली दाइएई कंपनीने पहिला चित्रपट काढला, कृष्णधवल. दिग्दर्शक नोरिआकी युआसा. त्याआधी त्याच कंपनीने खरे उंदीर घेऊन राक्षसपट करायला घेतला होता. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा-गोचिडांनी सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं आणि तो बेत सोडावा लागला. मग आलं हे कासव. 'कामे' म्हणजे कासव, त्याला गोजिराचा, म्हणजे गॉडझिलाचा, 'रा' जोडला. त्या चित्रपटात तोशिओ नावाचा, कासवांचं वेड असलेला मुलगा दीपगृहावर अडकतो. गामेरा ते दीपगृह पाडतो आणि पडणाऱ्या पोराला स्वतःच्या पंजात झेलतो. पुढची सगळी मालिका मला त्या एका झेलण्यातून उगवलेली वाटते. शेवटी माणसं त्याला अग्निबाणात कोंडून मंगळाकडे पाठवून देतात आणि पुढच्याच वर्षी एक उल्का त्या यानावर आदळून तो परत येतो. म्हणजे जाणं आणि परतणं हे त्याच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीला चिकटलेलं आहे.

मग तो का गेला, हे तू कधी नीट पाहिलं नाहीस. तू 'कंपनीला कदर नाही' असं लिहितोस. १९५८ साली जपानमध्ये वर्षाला ११२ कोटींवर तिकिटं विकली जात होती. घरोघर टीव्ही आला आणि १९७१ पर्यंत त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला. दाइएई त्याच वर्षी बुडाली. बुडण्याआधीच्या चित्रपटांत बघ, जुन्या लढायांचे तुकडे नव्या कथेत कसे ठिगळासारखे शिवलेत. ते आळशी लोकांचं काम नाही. गल्ला रिकामा असताना मुलांना दर वर्षी काहीतरी द्यायचंच, अशा हट्टाचं ते काम आहे. १९८०चा चित्रपट तर बहुतेक जुन्या दृश्यांवरच उभा केला आणि शेवटी गामेराला मारून टाकलं. त्यानंतर पंधरा वर्षं शांतता.

ती पंधरा वर्षं मला फार मोलाची वाटतात. ज्या तिघांनी पुढे गामेरा परत आणला, ते त्या काळात काय करत होते? शुसुके कानेको १९५५ साली जन्मलेला, म्हणजे पहिला गामेरा आला तेव्हा दहा वर्षांचा. काझुनोरी इतो त्याच्याहून थोडासाच मोठा. शिंजी हिगुची तर जन्मलाच १९६५ साली, गामेराच्याच वर्षी. एक जण मिळतील तसे चित्रपट दिग्दर्शित करत होता, एक अॅनिमेशनच्या पटकथा लिहीत होता, एक जण छोट्या-मोठ्या कामांत खोटी शहरं बांधायला आणि मोडायला शिकत होता. 'गामेरा आणा' म्हणून ते दारात बसले नव्हते. दार उघडलं तेव्हा त्यांचे हात तयार होते. १९९५ मध्ये तिघं एकत्र आले आणि गोजिराच्या मानाने बेताच्या पैशांत चित्रपट उभा राहिला. तो वितरित केला तोहोने, म्हणजे गोजिराच्याच घरच्यांनी.

त्यातलं तोक्यो टॉवरचं दृश्य आपण वर्गात पाहिलं होतं. क्षेपणास्त्रं चुकतात, टॉवर अर्ध्यातून मोडतो, आणि त्या मोडक्या टोकावर ग्याओस, गामेराचा तो उडणारा शत्रू-राक्षस, घरटं करून बसतो. मागे मावळता सूर्य, सगळं केशरी. तू त्या वेळी म्हणालास, "किती सुंदर दिसतंय, आणि किती वाईट वाटतंय." आता परत बघशील तेव्हा कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघ. बहुतेक वेळ तो खाली असतो, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. विजेच्या तारा, गच्च्या, दुकानांच्या पाट्या आधी येतात आणि त्यांच्या मागून राक्षस. खऱ्या उन्हात बाहेर मांडलेलं लहानसं शहर खरं वाटतं ते त्यामुळे. ही युक्ती पैशाने विकत मिळत नाही. लहानपणी ज्याने मान वर करून राक्षस पाहिला आहे, त्यालाच ती सुचते.

दुसऱ्या भागात, १९९६च्या, सेंदाई शहर बेचिराख होतं आणि गामेरा जळून कोळसा होऊन पडतो. लोक त्याच्याभोवती गोळा होतात, लहान मुलंसुद्धा. कुणी काही करू शकत नाही. नुसते थांबतात. मग ते काळं पडलेलं धूड हलतं. तुझ्यासारख्या साऱ्या चाहत्यांना आपण तीच माणसं आहोत असं वाटतं, हे मी ओळखते. मलाही तसंच वाटायचं. त्या चित्रपटाला जपानचा विज्ञानकथेचा मोठा पुरस्कार, निहोन एसएफ तैशो, मिळाला. एखाद्या चित्रपटाला तो पहिल्यांदाच मिळत होता.

आणि १९९९. क्योतो. तुझं दुखणं तिथेच अडकलंय ना? अयाना नावाच्या मुलीचे आईवडील गामेराच्याच लढाईत कोसळलेल्या घरात गेलेले. ती त्याचा द्वेष करते, आणि त्या द्वेषावर इरिस नावाचा राक्षस वाढतो. क्योतो स्थानकाच्या त्या अफाट काचेच्या इमारतीत गामेरा स्वतःचा अडकलेला हात स्वतः तोडून टाकतो. आणि ज्या मुलीला तो नकोसा होता, तिलाच वाचवतो. शेवटी आकाश ग्याओसच्या थव्यांनी भरलेलं, शहर पेटलेलं आणि तो एक हात नसलेला जीव त्या आगीतून पुढे चालत निघालेला. पुढे काय झालं? 'गामेरा चार' या दोन शब्दांत तुझ्यासारख्या हजारोंचा जीव अडकला तो तिथे. हायाशिया शिंपेई या राकुगो कलाकाराने, म्हणजे बसून विनोदी गोष्टी सांगणाऱ्या कथेकऱ्याने, थांबणं असह्य होऊन स्वतःच २००३ मध्ये चौथा भाग बनवला, हौशी माणसांना जमवून. मला ते मनापासून आवडतं. मागणी करत बसण्याऐवजी त्या माणसाने हातात काम घेतलं.

पण आता थोडं कडू सांगते. ज्या गामेराची तू वाट पाहतोयस तो बावीस वर्षांच्या मुलाचा गामेरा आहे. काळोखा, जखमी, प्रौढ. तो थोर आहे, यात शंकाच नाही. पण २००६ मध्ये कादोकावा कंपनीने, दाइएईचे हक्क तोवर त्यांच्याकडे आले होते, लहान मुलांसाठी चित्रपट काढला तेव्हा चाहत्यांनी काय केलं? तोंड फिरवलं. मीसुद्धा. हा आमचा गामेरा नव्हे, असं म्हणून मी तो अर्ध्यातच बंद केला होता. चित्रपटही अपेक्षेइतका चालला नाही आणि पुन्हा शांतता पसरली.

बऱ्याच वर्षांनी भाचीला सांभाळायला बसले असताना मी तो परत लावला. मिए प्रांतातलं शिमा नावाचं समुद्रकाठचं गाव. आई गेलेला तोरू नावाचा मुलगा. त्याला अंडं सापडतं, त्यातून कासवाचं पिल्लू निघतं, त्याला तो तोतो म्हणतो. तेहतीस वर्षांपूर्वी एका गामेराने स्वतःला उडवून गाव वाचवलं होतं. म्हणून तोरूला आपला तोतो गामेरा व्हायला नकोच आहे. त्याला आणखी कुणाला गमवायचं नाहीये. पुढे नागोयात सगळी माणसं एका दिशेला पळत असतात आणि तोतोला जगवणारा लाल दगड घेऊन एक पोर उलट दिशेला धावतं. ते दमतं, तो दगड दुसऱ्या अनोळखी पोराच्या हातात देतं. तेही दमतं, मग तिसरं. कुणी कुणाला काही विचारत नाही. भाची सोफ्यावरून उतरून टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली होती, मुठी आवळून. तिच्या हातातही तो दगड आला होता. माझ्या हातात तो २००६ सालीच येऊन गेला होता आणि मी तो खाली टाकला होता. हे मला अजून लागतं.

म्हणून तुला विचारते, तुला गामेरा परत हवा आहे, तो कुणासाठी? तुझ्यासाठी असेल तर १९९५, ९६ आणि ९९चे चित्रपट तुझ्यापाशी आहेतच, फोर-के करून नव्याने उजळलेले. आज दहा वर्षांच्या असलेल्या पोरासाठी हवा असेल, तर तो तुला ओळखूही येणार नाही अशा रूपात येईल, हे आधी मान्य कर. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर 'गामेरा रीबर्थ' आली, सहा भागांची, संगणकावर केलेली. तुझ्या निरोपात तिच्याबद्दल एकच वाक्य आहे, 'हे खरं नाही'. तीत १९८९च्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली मुलं आहेत, आणि त्यांना वाचवायला येणारं कासव आहे. याहून खरं काय असतं?

अफवांचं म्हणशील तर २०१५ आठव. पन्नाशीनिमित्त केलेली काही मिनिटांची झलक न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये दाखवली गेली. ग्याओस माणसं खातायत, आणि धुरातून तो येतो. सगळे धरून चालले की आता चित्रपट येणार. तो आला नाही. कुणी फसवलं नव्हतं. झलक ही झलकच होती, पुढचं आपण आपल्या मनाने जोडलं. तेव्हा यापुढे बातमी वाचशील ती मूळ जपानीत वाच. 'किकाकु' म्हणजे नुसता बेत, 'सेइसाकु केत्तेई' म्हणजे निर्मिती ठरली, 'कोकाइ' म्हणजे प्रदर्शन. या तीन शब्दांतला फरक तुला कळला असता तर गेल्या वर्षातल्या निम्म्या रात्री तू झोपला असतास. आणि हे शब्द नीट कळायला तीच परीक्षा कामाला येते, जी तू सोडायला निघालायस.

फॉर्म भर. रोज एक पान जुन्या मुलाखतीचं वाच, कानेकोचं, हिगुचीचं, चालेल त्याचं. कठीण वाटलं तर मला पाठव. रात्री बारानंतर कुणाशी वाद घालू नकोस. आणि तू म्हणाला होतास ना, शेजारच्या मुलांना गोष्ट सांगायला घेतली की ती जेवायला जायला तयार नसतात? त्यांच्यासाठी २००६च्या चित्रपटाचे संवाद मराठीत उतरवून बघ. पहिली दहा मिनिटं फक्त. तोरू आणि त्याचे बाबा खाणावळीत बोलतात ते आधी घे, वाक्यं लहान आहेत, आणि बापलेकांमधलं न बोललेलं मराठीत कसं आणायचं याचा तुला घाम फुटेल. गेली वीस वर्षं मी यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-इंग्रजीत उतरवते आहे, आणि असं काम मला कुणी दिलं असतं तर मी दिवसरात्र केलं असतं.

रविवारी चारला घरी ये. भाचीही येणार आहे, आता ती बारा वर्षांची झाली. डिस्क काढून ठेवते. दहा मिनिटांची तुझी वही आण. ती तुझी भाषा तपासेल, आणि मी तुझं जपानी.

तुझी,
सेन्सेई