मुक्त गोव्याचं पहिलं मंत्रिमंडळ कोणाचं होतं? तीनच मंत्री असलेलं ते सरकार नावापुरतंच होतं का?

नावं आधी देऊन टाकतो. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे आमचे भाऊसाहेब. त्यांच्याबरोबर विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. शपथविधी २० डिसेंबर १९६३ ला झाला. सभापती पां. पु. शिरोडकर, विरोधी पक्षनेते डॉ. जॅक सिक्वेरा. ३० आमदारांची विधानसभा होती, त्यातले २८ गोव्याचे, एक दमणचा आणि एक दीवचा. भाऊसाहेबांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि मित्र मिळून १६, विरोधातला युनायटेड गोवन्स पक्ष १२. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने लष्कर पाठवून गोवा सोडवला, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. परीक्षेसाठी विचारलं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

पण 'नावापुरतं' हे मी माझं लग्न झाल्यापासून मेव्हण्याच्या तोंडून ऐकतोय. तो मडगावचा, वकील, घरची भाटं, म्हणजे माडांच्या बागायती, असलेला. दर चवथीला जेवणं आटोपली की त्याचं सुरू होतं. मुख्यमंत्री कोण, तर ज्याने निवडणूकच लढवली नाही असा खाणमालक. मंत्री किती, तर दोन. काम काय, तर गोवा महाराष्ट्राला नेऊन जोडायचा. हे कसलं सरकार? आता तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव फोंडा महालातलं. नव्या काबिजादीतलं, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा घेतलेलं आणि शेवटपर्यंत मागे ठेवलेलं. बाबा एका भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, शेत करायचे. आजोबाही तेच करायचे. घर भाटकाराच्या जमिनीत, माड त्याचे, माडाखाली पडलेला नारळसुद्धा त्याचा. खंड मोजून द्यायचा, पावती कधीच मिळायची नाही. पावती मागायची असते हेच आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं. माझी आई, आत्या, दोन्ही काकू, कोणालाच अक्षरओळख नव्हती. सरकारी शाळा पोर्तुगीजमधली आणि लांब. मराठी शिकवणारे पंतोजी ज्यांना परवडत त्यांच्या घरी येत. आम्हाला परवडत नव्हते.

हे सरकार आलं आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघू लागल्या. आमच्याकडे इमारत नव्हती, म्हणून देवळाच्या आग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, वर्ग भरला. मास्तर सावंतवाडीकडचे, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. मी शाळेच्या वयाचा होतो, मला लगेच घातलं. माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्याबद्दल बाबा म्हणाले, ती आता कसली शिकतेय, गुरं कोण बघणार? भाटकाराच्या मुकादमानेही बाबांना गाठून सांगितलं की पोरांना शाळेत घालाल तर कापणीला माणसं कुठून आणू. मास्तर दोनदा घरी येऊन गेले, बाबा ऐकेनात. तिसऱ्यांदा आले तेव्हा घरात न येता गोठ्याशीच उभे राहिले आणि म्हणाले, "सकाळी गुरं सोडून झाल्यावर पाठवा. उशीर झाला तरी मी काही बोलणार नाही." म्हणून आम्ही दोघं भावंडं एकाच दिवशी, एकाच पाटीवर, पहिलीत बसलो. ती वर्गात सगळ्यांत उंच होती. मुलं हसायची. ती मान खाली घालून गिरवत राहायची आणि संध्याकाळी मलाच पाढे म्हणायला लावायची. चौथीपर्यंत ती माझ्यापुढे निघून गेली होती.

त्याच सरकारने १९६४ मध्ये कूळ कायदा केला. गावात तो कळायलाच वर्षं गेली. कोणीतरी 'गोमन्तक'चा अंक घेऊन यायचं आणि आग्रशाळेच्या पायरीवर मास्तर मोठ्याने वाचून दाखवायचे. कुळाला मनाला येईल तसं काढता येणार नाही, खंडाला मर्यादा, खंड दिला तर पावती द्यायची. बाबांनी एका कापणीला पावती मागितली. भाटकार म्हणाला, तुझ्या बापाने मागितली नाही, तू कोण? आणि पुढच्या पावसात दुसऱ्याला नांगर घालायला सांगतो म्हणून धमकी दिली.

तेव्हा मामलेदाराकडे अर्ज करायचं ठरलं. मास्तर सरकारी नोकर, आणि परके. त्यांच्या अक्षरातला अर्ज गेला असता तर भाटकाराने त्यांची बदली करवली असती. त्यामुळे मजकूर मास्तरांनी तोंडी सांगितला आणि लिहिला माझ्या बहिणीने. शेताचं नाव, चारी बाजूंच्या शिमा, आजोबांपासूनची वहिवाट, सगळं तिच्या हातचं. खाली बाबांचा अंगठा. आमच्या घरातून कुठल्याही सरकारला गेलेला तो पहिला कागद. बाबा तो घेऊन फोंड्याला चालत गेले. तारखा पडत राहिल्या, भाटकार दोन साक्षीदार घेऊन यायचा, पण नांगर बाबांचाच राहिला. पुढे सर्व्हे झाला आणि एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कूळ म्हणून त्यांचं नाव लागलं.

पोर्तुगीज गेले १९ डिसेंबर १९६१ ला, पण आमच्या शेतात त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं. आधी लष्करी गव्हर्नर, मग नायब राज्यपाल, कारभार वरून चालायचा. आमच्यापर्यंत पोचलं ते हे तीन मंत्र्यांचं सरकार. शाळा आली नसती तर अर्ज कोणी लिहिला असता, आणि कायदा नसता तर लिहून उपयोग काय होता? या दोन्ही गोष्टी एकाच मंत्रिमंडळाने एकाच सुमारास केल्या.

आता मेव्हण्याचे मुद्दे. भाऊसाहेब निवडणुकीला उभे नव्हते हे खरं आहे. निवडून आलेल्या आमदारांनीच त्यांना नेता केलं, पुढे ते मडकईतून पोटनिवडणूक जिंकून सभागृहात आले. कायद्यात त्याची मुभा आहे, देशात अनेक मुख्यमंत्री तसे झाले. ते खाणमालक होते हेही खरं. पण ते गोमंतक मराठा समाजातले होते. ज्या समाजाला देवळांच्या महाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या पायरीवर ठेवलं, त्यातला माणूस पणजीच्या सचिवालयात, आदिलशहाच्या राजवाड्यात, मुख्यमंत्री म्हणून बसला, याचं मोल मडगावच्या बंगल्यात बसून कळणार नाही. आणि 'हिंदूंचं सरकार' म्हणणाऱ्यांनी तीनातलं तिसरं नाव वाचावं. मंत्री तीनच होते म्हणून काही अडलं नाही. आज ४० आमदारांमागे १२ मंत्री आहेत, माझ्या गावाला त्यातून जास्तीचं काय मिळालं ते मला कोणी दाखवून द्यावं.

विलीनीकरणाचं म्हणाल तर ते त्यांना हवं होतं, लपवलं कधीच नाही. जनमत कौलात आमच्या घरची मतं फुलावरच, म्हणजे विलीनीकरणाच्या खुणेवरच, गेली. पण जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. १६ जानेवारी १९६७ ला लोकांनी दोन पानांना, म्हणजे गोवा वेगळा ठेवायला, १,७२,१९१ मतं दिली, फुलाला १,३८,१७०. हरलो. आणि मार्चमध्ये त्याच लोकांनी मगोला पुन्हा बहुमत देऊन भाऊसाहेबांना परत आणलं. गोवा वेगळा ठेवायचा आणि सरकार मात्र हेच हवं, असं लोकांनी दोन मतदानांत स्वच्छ सांगितलं. मेव्हणा म्हणतो, मार्चमध्ये अडाण्यांनी मतं दिली. मग जानेवारीत मतं देणारे कोण होते? याचं उत्तर त्याने आजवर दिलेलं नाही.

काही गोष्टी सांगायला हव्यात. १९६४ च्या कायद्याने जमीन कुळाच्या नावावर झाली नाही, नुसतं संरक्षण मिळालं. मालकीची दुरुस्ती १९७६ ची, नंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळातली, आणि तीही पुढे कोर्टात अडकली. मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्यांचा, कायदा १९७५ चा. म्हणजे घराखालच्या जमिनीसाठी आमच्यासारख्यांना बराच काळ थांबावं लागलं, आणि पहिल्या मंत्रिमंडळाने ते आधी करायला हवं होतं असं मी आजही म्हणतो. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा भरणा झाला, त्यात गोव्याच्या मुलांची संधी गेली, ही तक्रारही खोटी नाही. आणि कोंकणीला त्या सरकारने जागा दिली नाही. घरात आम्ही कोंकणीच बोलायचो, बहीण तो अर्ज मोठ्याने वाचत होती तेव्हा आई कोंकणीतच विचारत होती की यात काय लिहिलंय.

तुम्ही अभ्यास करत असाल तर पुस्तकातल्या दोन ओळींवर विसंबू नका. पर्वरीला विधानसभेच्या ग्रंथालयात जा, कूळ विधेयकावरची चर्चा काढून वाचा, आणि त्या वेळी कोणत्या बाकावरून कोण काय बोललं ते टिपून घ्या. जमलं तर इथेच उत्तराखाली टाका. माझा मेव्हणा हे सगळं वाचतो.