मेन्यूवरचं ‘एमपी’ म्हणजे आपलं एमपी नाही

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही इंदूरचे, सुदामानगरात राहतो. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला ४० वर्षं होतायत आणि तेव्हा आम्ही न्यू जर्सीला लेकीकडे असू. तिनं तिथल्या एका महागड्या इटालियन स्टेक आणि सीफूडच्या रेस्टॉरंटमधे सहा जणांचं टेबल बुक केलंय आणि उत्साहात मेन्यूपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय, तो बघितल्यापासून मला झोप नाही. मी अंडंसुद्धा खात नाही, हे मासे-मटण खातात पण स्टेक कधीच नाही, आणि जावई पक्के स्टेकवाले. लॉबस्टरसमोर किंमतच नाही, नुसतं ‘एमपी’, हे म्हणाले आपली गाडी एमपी ०९, हे कुठलं एमपी? वरून यांचा हट्ट की बिल मीच देणार. लेक म्हणते आई टेन्शन नको घेऊ. कसं नको घेऊ सांगा!

उत्तर: अहो, तुमच्या यजमानांचं वाचून मी एकटीच हसत बसले. एमपी म्हणजे मार्केट प्राइस, त्या दिवशीचा बाजारभाव. लॉबस्टर, खेकडे यांचा भाव सारखा खालीवर होतो म्हणून छापत नाहीत, बरेचदा वजनावर असतो. ऑर्डर द्यायच्या आधी सरळ विचारायचं, मंडीत मेथीची जुडी केवढ्याला विचारतो तसं, कोणी वाईट मानत नाही. आणि वेटर येऊन तोंडी ‘आजचे स्पेशल’ सांगतो ना, त्याचेही भाव विचारा, तो आपणहून सांगेलच असं नाही. मी एकदा ऐटीत मान डोलावली होती, बिल आल्यावर मान वर झाली नाही.

आता तुमचं जेवण, कारण खरी गंमत इथे आहे. इटालियन म्हणजे पास्ता, म्हणजे व्हेज, असं आपण धरून चालतो आणि फसतो. ताजा, हातानं केलेला पास्ता बहुतेक अंड्यात मळलेला असतो, फेट्टुचिनी, टॅलिअटेले वगैरे. वाळवलेली स्पॅगेटी मात्र साधारण रवा आणि पाण्याचीच असते, तेव्हा ‘ड्राय पास्ता, नो एग’ असं सांगून घ्या. दुसरं चीज. अस्सल पार्मेजान, ज्याला ते पार्मिजानो रेजानो म्हणतात, ते वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालूनच करतात, तसा नियमच आहे, आणि पेकोरिनो रोमानो या चीजमधे कोकराचं. चालत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर वरून किसू नका म्हणायचं. रिसोटो दिसायला आपल्या मऊ भातासारखा, पण बरेचदा चिकनच्या स्टॉकमधे शिजवलेला. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमधे अंडं आणि अँचोवी नावाचा मासा. गोडात बघाल तर पन्नाकोटात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं, तिरामिसूत अंडं.

मग उरलं काय, असं म्हणाल. बरंच उरतं. ऑलिव्ह ऑइल, लसूण आणि लाल मिरचीची स्पॅगेटी, तिला आलिओ ए ओलिओ म्हणतात, ती मागवा, फोडणीची सवय असलेल्या माणसाला ती आवडतेच. टोमॅटोची पोमोदोरो आहे, भाजलेले बटाटे, लसणावर परतलेला पालक, शतावरीचे कोंब, आणि शेवटी लिंबाचं सॉर्बे. भाज्या तिथे स्टेकबरोबर येत नाहीत, वेगळ्या मागवायच्या आणि मोठ्या बाउलमधे येतात, तेव्हा दोन भाज्या सगळ्यांत पुरतील. फक्त हे सगळं टेबलावर बसून नका सुरू करू, लेकीला म्हणावं दोन दिवस आधी फोन करून ठेव, किचनला वेळ मिळाला की ते चांगलं करून देतात.

यजमानांना ब्रान्झिनो सांगा, अख्खा सी बास भाजून देतात, मागितलं तर काटे काढून. मसाला मात्र शून्य, मीठ, लिंबू, तेल, संपलं. पर्समधे जीरावनची पुडी नेणार असाल (मला माहितीये तुम्ही नेणार) तर बटाट्यावर टाका, माशाला सोडा.

जावयाच्या ताटाचं विचारायला तुम्ही लाजलात असं वाटतंय, म्हणून मीच लिहिते. अमेरिकेत स्टेक म्हटला की गोमांसच. मीडियम रेअर मागवला तर आतून गुलाबी असतो आणि ताटात लाल पाणी सुटतं, ते रक्त नसतं, मांसातलं मायोग्लोबिन मिसळलेलं पाणी असतं, पण समोर बसून बघायला आपल्याला जड जातंच. त्याला काही बोलू नका, तो त्याच्या घरी आहे. लेकीच्या कानात सांगा की मला दुसऱ्या टोकाला नातवंडांजवळ बसव.

बिलाचं. मेन्यूवरच्या भावात टॅक्स नसतो, न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के, आणि वर १८ ते २० टक्के टिप, म्हणजे १०० डॉलरचं जेवण १२५ च्या आसपास. टिप ही आपल्यासारखी बडीशेपेच्या वाटीत उरलेली चिल्लर नाही, वेटरची कमाई मुख्य तीच, तिथल्या केंद्रीय कायद्यात टिपवाल्या कामगाराचं किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडकलंय, न्यू जर्सीत त्याहून जास्त आहे. सहा जण असलात की कुठे कुठे टिप बिलातच धरलेली असते, ‘ग्रॅच्युइटी’ शब्द दिसतो का ते बघा नाहीतर दोनदा द्याल. पाणी विचारतील स्टिल (साधं) की स्पार्कलिंग (सोड्यासारखं बुडबुड्यांचं), दोन्हीच्या बाटल्या विकतच्या, ‘टॅप वॉटर’ म्हणा, फुकट आणि बर्फ घातलेलं.

आणि यजमानांना देऊ नका बिल. लेकीनं बोलावलंय ना. ते प्रत्येक डिशला डॉलरचे रुपये करत बसतील आणि तुमचा पालक गार होईल. फारच हट्ट असेल तर निघायच्या आधी कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट चालू करून घ्या, तिथे ओटीपी येत नाही, कार्ड घेऊन जातात आणि टिपेचा आकडा पावतीवर पेननं लिहून सही करायची असते. ते बघून त्यांचा जीव आणखीच घाबरेल.

प्रश्न (पलासिया, इंदूर): असल्या ठिकाणी उरलेलं पॅक करून मागितलं तर कसं दिसतं?

उत्तर: अमेरिकेत अगदी नॉर्मल दिसतं, बॉक्स मागा, सूट घातलेले लोकही घेऊन जातात. स्टेक, पास्ता, भाज्या खुशाल न्या. मासा तिथेच संपवा, दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमधे गरम केलात तर वास संध्याकाळपर्यंत घरात राहील आणि लेक तुम्हालाच बोलेल.