नवमतदारांनो, नाव आधी तपासा

विधानसभेला पहिल्यांदा मत देणार असाल तर नमुना ६ हा नावनोंदणीचा अर्ज भरायचा. निवडणूक आयोगाच्या ॲपवर भरा, नाहीतर वाडीच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या. सोबत फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. अठरा वर्षं पूर्ण झालीत का, हे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखांना धरून पाहतात. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज चालतो. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका, उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी दहा दिवस नोंदणीचं दार बंद होतं.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो चाकरमान्यांचा. नाव कुडाळातही आणि डोंबिवलीतही, हे कायद्याला चालत नाही. खरोखर राहता तिथंच नाव ठेवा. जागा बदलली, लग्न होऊन सासरी आलात, तर पुन्हा नमुना ६ भरू नका. नमुना ८ भरा, म्हणजे जुन्या यादीतली नोंदही निघते.

मतदार कार्ड आहे म्हणजे मत आहे, असं मुळीच नाही. यादीत नाव हवंच. एकाच वाडीत एकाच आडनावाची पन्नास माणसं असतात, म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, यादी भाग आणि अनुक्रमांक नीट जुळवून घ्या.

मतदानाला जाताना मूळ ओळखपत्र न्या, नुसती मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही. कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन किंवा वाहन परवाना चालतो. आत बोटाला शाई लागते, मग यंत्रावर उमेदवारासमोरचं निळं बटण दाबायचं. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढा वेळ नजर तिथंच ठेवा.