भाचीला सिव्हिल इंजिनियरिंगकडे कसं वळवू?

भाची बारावीत आहे, गणित चांगलं आहे, पण सिव्हिलचं नाव काढलं की घरचे हसतात. तिच्या डोक्यात हे कसं भरवू, असं तुम्ही विचारलंय. भरवू नका. एकदा काँक्रीट ओतताना दाखवा.

आमच्याकडे हसणारा माझा सख्खा दादा होता. कॉम्प्युटरवाला. 'विटा मोजायला डिग्री कशाला?' हे त्याचं ठरलेलं वाक्य. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष, रात्री स्लॅब भरत होतो. तिसरा मिक्सर उशिरा आला, माल घट्ट झालेला. ड्रायव्हरने सरळ ड्रममध्ये पाइप सोडला. मी ओरडेपर्यंत पाणी गेलं होतं. स्लम्पचा शंकू भरला, म्हणजे माल किती पातळ आहे ते बघायचा साचा. तीन थर, दर थराला सळईचे २५ ठोके. शंकू उचलला आणि ३०० मिलिमीटरचा ढीग चिखलासारखा पसरला. हवा होता १०० चा स्लम्प, म्हणजे ढीग १०० मिलिमीटरच खचायला हवा होता.

गाडी परत पाठवली. ठेकेदाराचा माणूस अंगावर आला, 'कोल्ड जॉइंट पडला तर तू निस्तरणार का?' तोही खोटं बोलत नव्हता. आधीचा माल सेट झाल्यावर नवा ओतला तर दोन्ही नीट जुळत नाहीत, तोच कोल्ड जॉइंट. पुढची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटं मी आधीच्या मालात बोट खुपसून बघत होतो, सेट व्हायला लागला की काय. परत पाठवलेल्या मालाचे तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, मात्र भरून ठेवले होते. २८ दिवसांनी फोडले. आमचं काँक्रीट एम ३०, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीचं. त्याचा १५० मिलिमीटरचा क्यूब ६७५ किलोन्यूटन तरी घ्यायला हवा. पहिला ४९५ लाच गेला. म्हणजे ३० च्या जागी २२. उरलेले दोन त्याच्याच आसपास.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, 'पण बिल्डिंग पडली का?' अरे, नाही पडली, कारण ते काँक्रीट तिच्यात गेलंच नाही! तोवर तो परत मोबाइलमध्ये.

भाचीला कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाचं सांगा. १९०७ साली बांधता बांधताच पडला, ७५ कामगार गेले. पुलाचे पोलादी पत्रे वाकताहेत हे साइटवरच्या तरुण इंजिनियरने आधीच कळवलं होतं. भार वाढवू नका, अशी तारही सुटली, पण ती पुलापर्यंत पोचली नाही. विटा मोजणारा म्हणे.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर, तुझा चुकलेला कोड एका रात्रीत बदलतो. माझा चुकलेला कॉलम ब्रेकर लावून फोडावा लागतो.

हां, सुरुवातीचा पगार सहसा कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा कमी असतो, हे तिच्यापासून लपवू नका. ऊन, धूळ, बदल्या आहेतच. मुलींसाठी धड बाथरूम नसलेल्या साइट मी पाहिल्यात. उन्हाचं वावडं असेल तर स्ट्रक्चरल डिझाइन आहे, पण सुरुवातीची दोन वर्षं साइटवर काढावीत, असं माझं मत.

न्याल तेव्हा स्लॅबच्या दिवशीच न्या, हेल्मेट आणि बूट घालून. नुसतं सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) उभं असताना नेलंत तर ती कंटाळेल.