'जिनेते'ला बारगीर म्हणावं का?

प्रश्न असा आहे: 'एज ऑफ एम्पायर्स २' हा खेळ मराठीत समजावून सांगताना त्यातल्या 'जेनिटूर'ला, म्हणजे घोड्यावरून भाले फेकणाऱ्या सैनिकाला, 'बारगीर' म्हटलं तर चालेल का? आणि हा सैनिक स्पेनचा म्हणतात, तर खेळात तो उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांकडे कसा?

आधी दुसरा भाग घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

जेनिटूर हे स्पॅनिश 'जिनेते'चं फ्रेंच-इंग्रजी तोंडांतून फिरून आलेलं रूप. (आजचा स्पॅनिश माणूस 'हिनेते' म्हणेल. मध्ययुगात पहिलं अक्षर आपल्या ज-झच्या आसपासचं होतं.) जिनेते आला 'झनाता'वरून. झनाता हा उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर टोळ्यांचा मोठा समूह, मोरोक्कोवर राज्य करणारं मरीनी घराणं त्यांच्यातलंच. तेराव्या शतकात हे स्वार जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाच्या सुलतानासाठी लढायला आले. अरागॉनच्या ख्रिस्ती राजांनीही त्यांना पगारावर ठेवलं. अरागॉनसारखंच कास्तील हेही स्पेनमधलं ख्रिस्ती राज्य. तिथल्या लोकांनी ज्यांच्याकडून मार खाल्ला, त्यांचीच स्वारीची तऱ्हा उचलली. टोळीचं नाव आधी त्या तऱ्हेला चिकटलं, मग तसं लढणाऱ्या कुणालाही, आणि आज स्पॅनिशमध्ये जिनेते म्हणजे साधा घोडेस्वार, अगदी शर्यतीतला जॉकीसुद्धा. तेव्हा खेळ रचणाऱ्यांनी हा स्वार बर्बरांना दिला यात चूक काहीच नाही. शिवाय बर्बरांच्या मित्रपक्षांनाही तो तयार करता येतो. मला ही गोष्ट फार आवडते, कारण तो स्वार आणि त्याचं नाव स्पेनमध्ये शिरलं त्यात अशा दोस्तीचा आणि चाकरीचा मोठा वाटा होता.

आता ही तऱ्हा म्हणजे काय ते नीट पाहू. रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणारे पाय ठेवायचे आधार, आखूड, त्यामुळे गुडघे दुमडलेले. स्वार रिकिबीत उभा राहून वळू शकतो, मागे फिरून भाला फेकू शकतो. हातात हलके फेकभाले, दुसऱ्या हातात 'अदार्गा' ही चामड्याची ढाल (हा शब्दही अरबी 'दरका'वरून). जवळ यायचं, फेकायचं, वळायचं, शत्रू मागे लागला की पुन्हा उलटायचं. याला म्हणत 'आ ला जिनेता'. याउलट 'आ ला ब्रिदा' म्हणजे लांब रिकिबी, पाय सरळ ताणलेले, जड चिलखत आणि लांब भाला घेऊन समोर धडक. म्हणजे जिनेते हा शब्द स्वार घोड्यावर कसा बसतो, कसा लढतो, याचा आहे.

'बारगीर' इथेच बसत नाही. बारगीर आणि शिलेदार हा भेद घोडा कुणाचा, याचा आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. मूळ फारसीत बारगीर म्हणजे ओझं घेणारा, लढण्याच्या पद्धतीबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही. शिलेदाराशी नातं जुळवायचंच असेल तर ते कास्तीलच्या सरहद्दीवरच्या 'काबायेरो विय्यानो'शी जुळेल. हा घराण्याने सरदार नव्हे, पण पदरचा घोडा आणि शस्त्रं बाळगायचा, आणि त्याबदल्यात त्याला करांत सूट मिळायची. माझं मत स्पष्ट आहे: 'जिनेते' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'भालाफेक्या स्वार' असं सांगा. सामुराईला आपण कुठे प्रतिशब्द शोधला?

खेळ चुकतो तो दुसरीकडे. जेनिटूर तिथे तिरंदाजांचा कर्दनकाळ आहे. पण 3 एप्रिल 1367 रोजी नाहेराच्या लढाईत कास्तीलचे जिनेते इंग्रज धनुर्धाऱ्यांसमोर टिकलेच नाहीत. बाणांच्या माऱ्याखाली ते मोडले आणि पळाले. स्पेनला दिलेला 'कॉन्किस्तादोर' त्याहून विचित्र, घोड्यावर बसून बंदूक झाडणारा. 1519 मध्ये मेक्सिको जिंकायला निघालेला स्पॅनिश सेनानी कोर्तेस तिथे उतरला तेव्हा त्याच्याकडे 16 घोडे होते आणि बंदूकवाले तेरा, पण स्वारांच्या हाती भाले असत आणि बंदूकवाले पायी. मुळात कॉन्किस्तादोर हे फौजेतलं पद किंवा हत्यारी जातच नव्हे, अर्थ फक्त 'जिंकणारा'. तेराव्या शतकात मायोर्का आणि वालेन्सिया घेणाऱ्या अरागॉनच्या जाउमे पहिल्या राजालाही इतिहास 'जिंकणारा' याच बिरुदाने ओळखतो.

शब्दांच्या नादी लागलोच आहोत, तर या स्पॅनिश फौजांतली काही नावं मराठी माणसाला घरची वाटतील. स्पॅनिश 'आल्फान्खे' ही रुंद वाकडी तलवार, अरबी 'अल-खंजर'वरून, म्हणजे आपला खंजीर. 'आलार्दे' म्हणजे फौजेची हजेरी आणि पाहणी, अरबी 'अल-अर्द'वरून, मूळ अर्थ समोर मांडणं. फारसीतून आपल्याकडे तो 'अर्ज' होऊन आला. तिकडे सैनिक मांडले जातात, इकडे विनंती.

सगळ्यात गोड आहे तो 'आल्मोकादेन'. पायदळाच्या तुकडीचा हा म्होरक्या, अरबी 'अल-मुकद्दम', पुढे ठेवलेला. आपला मुकादम तो हाच. कास्तीलचा राजा आल्फोन्सो दहावा याच्या 'सिएते पार्तिदास' या तेराव्या शतकातल्या कायद्यात त्याच्या नेमणुकीचे नियम दिले आहेत. त्याला लढाईची आणि वाट दाखवण्याची जाण हवी, तो धाडसी हवा, पायाने चपळ हवा, इमानी हवा. बारा आल्मोकादेनांनी शपथेवर त्याची ग्वाही द्यायची. मग त्याला भाल्यांच्या दांड्यांवर उभं करून चार वेळा वर उचलायचं.

हा सैनिक पुढेमागे एखाद्या खेळात आला, तर त्याला बेधडक 'मुकादम' म्हणा.