दिव्यांग सर्वेक्षणाच्या बैठकीत पालक गटाने नेमकं काय मागावं?

तुमच्या पालक गटाला सर्वेक्षणाच्या बैठकीचं बोलावणं आलंय आणि नुसती हजेरी लावून परतायचं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी नाशिकरोडला राहते, माझा मुलगा स्वमग्न आहे. माझं सांगणं एकच: फॉर्म छापायला जाण्याआधी तो हातात मागा. अहवालावर अभिप्राय द्यायला बोलावतात तोवर सगळं ठरून गेलेलं असतं.

आमच्या दारात सर्वेक्षणाच्या ताई आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "घरात कोणी अपंग नाही ना?" नणंदेसाठी स्थळं बघणं चालू होतं. सासूबाई चटकन "नाही हो" म्हणाल्या. मुलगा आत कपड्यांच्या चिमट्यांची रांग लावत बसला होता. ताईंनी खूण केली आणि शेजारची बेल वाजवली. सासूबाईंना मी दोष देत नाही, प्रश्नच तसा होता.

वॉशिंग्टन ग्रुप म्हणजे अपंगत्व कसं मोजावं हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट. त्यांच्या सहा प्रश्नांत 'अपंग' हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला, आठवायला होतो का, असं विचारतात. उत्तरं 'अजिबात नाही'पासून 'जमतच नाही'पर्यंत चार. पण आपली मुलं त्यातूनही निसटतात. मुलांसाठी याच गटाने युनिसेफसोबत केलेला वेगळा प्रश्नसंच आहे, तो मागा. 2011च्या जनगणनेत अपंगत्वाचे 8 प्रकार होते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 आहेत. आदिवासी भागात जास्त आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार त्यात आहे, म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडच्या कुणाला तरी सोबत न्याच. आणि स्वतः दिव्यांग असलेली मोठी माणसंही हवीत. आपण आईवडील त्यांच्या वतीने फार बोलतो.

दुसरा मुद्दा नावांचा. ग्रामपंचायतीच्या 5 टक्के दिव्यांग निधीची यादी एका गावात फलकावर लागली, नाव, मोबाइल आणि प्रकारासकट. माझ्या मैत्रिणीच्या मुलीपुढे 'मानसिक आजार' लिहिलेलं अख्ख्या गावाने वाचलं. ती पोरगी नंतर कितीतरी दिवस किराणा आणायलाही बाहेर पडली नाही. आकडे सगळ्यांना दिसू देत. नावानिशी यादी कोण उघडणार, किती दिवस ठेवणार, हे मात्र तुमच्यासमोर ठरलं पाहिजे.

"हे आमच्या अखत्यारीत नाही" असं म्हणाले, तर भारताने 2007 मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार पुढे ठेवा. कलम 4(3)मध्ये दिव्यांगांशी सल्लामसलत आहे, कलम 31मध्ये माहितीची गोपनीयता. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ते वाचल्याशिवाय सही करू नका.