आधी तिची वही परत द्या

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, पीसीबी. कॉलेजची जीवशास्त्राची सहल जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्थानात गेली होती. तेव्हापासून 'मला झाडांवरच्या किडींचा अभ्यास करायचाय' हा एकच धोशा. 'नीट'च्या क्लासची फी भरून झाली आहे. सहलीच्या वहीत काय लिहिलंय, तर 'सालवृक्षाच्या ओंडक्याचा वास भुंगेऱ्यांना किती लांबून येतो?' मी वही कपाटात कुलूप लावून ठेवली. 'आधी डॉक्टर हो, मग यूपीएससी देऊन वनसेवेत जा' असं सांगितलं. तुम्ही तिला समजवा.
– एक पालक, विदर्भ

उत्तर : नमस्कार. ती अभ्यास टाळते, मार्क घसरले, शिक्षकांची तक्रार आहे, असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. तरी वही कुलुपात आहे. मला काळजी वाटते ती याची.

तुम्ही थट्टेनं लिहून पाठवलेला प्रश्न पुन्हा वाचा. सालवृक्षाला पोखरणारा एक भुंगेरा असतो. त्याच्या अळ्या खोडाच्या गाभ्यापर्यंत शिरतात आणि साथ आली की उभी झाडं वाळतात. त्याला पकडण्यासाठी पावसाळ्यात झाड तोडून ओंडके करतात, वरची साल ठेचून ते जंगलातच ठेवतात. पाझरणाऱ्या रसाच्या वासानं भुंगेरे जमतात, मग ते वेचून मारतात. इतकं सहलीत सगळ्यांनीच ऐकलं असेल. तुमच्या मुलीला पुढचा प्रश्न पडला. ओंडके किती अंतरावर ठेवायचे, हे त्याच्याच उत्तरावर अवलंबून असतं. असा प्रश्न शिकवून पडत नाही, आणि घरात त्याला हसू झालं तर मूल तो पुन्हा मोठ्यानं विचारत नाही.

आता तुमच्या 'आधी डॉक्टर, मग वनसेवा' या योजनेबद्दल. हा गैरसमज मी अनेक घरांत ऐकते. एमबीबीएस झालेल्याला आयएएस, आयपीएसची परीक्षा देता येते, म्हणून भारतीय वनसेवेचीही देता येईल असं लोक धरून चालतात. पूर्वपरीक्षा एकच असल्यानं घोटाळा आणखी वाढतो. पण वनसेवेसाठी पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एखादा विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत एमबीबीएस नाही. म्हणजे तुम्ही दाखवलेल्या वाटेनं गेली तर ते दार तिला बंदच होईल. शिवाय वनसेवा म्हणजे प्रशासन. तिला हवं आहे ते संशोधन, आणि त्यासाठी एमएस्सी करावीच लागते, बहुतेकांना पुढे पीएचडीही.

मार्ग सरळ आहे : एमएचटी-सीईटी देऊन दापोली किंवा अकोल्याला वनशास्त्राची चार वर्षांची पदवी, किंवा प्राणिशास्त्रात बीएस्सी करून पुढे कीटकशास्त्र.

मुलीलाही सांगते. बाळा, एका दिवसाच्या सहलीवर आयुष्य ठरवू नकोस. या कामात जंगलातल्या भटकंतीपेक्षा मोजणी, नोंदी आणि सूक्ष्मदर्शकाखाली घालवलेले तास जास्त असतात. शास्त्रज्ञांच्या जागा थोड्या निघतात, स्पर्धा मोठी असते. पावसाळा सरताना जवळच्या सागाची पानं बघ. नुसत्या शिरांची जाळी उरलेली दिसली तर ते एका पतंगाच्या अळीचं काम असू शकतं. एक झाड निवड आणि दर आठवड्याला किती पानं खाल्ली गेली ते मोजून लिही. दोन-तीन महिन्यांनी कंटाळा आला तर तेही कळलेलं बरं.

क्लास लगेच सोडायची गरज नाही, तिथलं जीवशास्त्र, रसायनशास्त्र सीईटीलाही उपयोगी पडेल. फक्त दोन्ही परीक्षांचे अर्ज भरा आणि निकालानंतर ती काय म्हणते ते ऐका. मी तिला समजावणार नाही. मोजणीच्या नोंदी घेऊन पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं, मी उत्तर देईन.